कागदावरचे किलोमीटर

पाच हॉर्सपॉवरची मोटार घेतली की पाणी किती पडेल, हे दुकानदाराने गल्ल्यावर बसूनच सांगितले तर आपला शेतकरी त्याला हसेल. विहीर किती खोल, पाइप किती लांब, व्होल्टेज किती, हे बघितल्याशिवाय कोण सांगणार? विजेच्या गाडीचेही तसेच आहे. पण तिथे मात्र ‘एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर’ हा आकडा आपण डोळे झाकून मानतो.

२०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. हा आकडा खोटा नव्हे. तो चाचणीच्या रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी सरासरी तिशीच्या वेगाने काढतात. सोलापूर-धाराशिव रस्त्यावर तिशीने गाडी कोण हाकतो? वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. उलट्या वाऱ्यात सायकल मारलेल्याला हे वेगळे सांगायला नको. त्यात मे महिन्यातला एसी तासाला एखादे युनिट सहज खातो. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना चढ लागतो. दीड टनाची गाडी शंभर मीटर वर न्यायची तर नुसते वजन उचलायलाच ०.४ युनिट जाते. उतारावर त्यातले काही बॅटरीत परत येते, सगळे नाही. टायरमधली कमी हवा आणि बॅटरीचे वय हेही आहेच.

कारवाल्याचे एक वेळ निभावेल. खरी अडचण भाजीपाला नेणाऱ्या मालवाहू तीनचाकीवाल्याची. कर्ज काढून गाडी घ्यायची, टोमॅटोचे कॅरेट भरायचे आणि वाटेत बॅटरी संपली तर माल उन्हात, सौदे संपलेले, हप्ता मात्र चालूच! रात्री लाईट गेली तर सकाळी गाडी अर्धीच भरलेली, ते निराळेच. एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ सुरू केली. तिचे अंतर ठरलेले, चार्जिंगची जागा ठरलेली. शेतकऱ्याला ती सोय कुठली?

विजेची गाडी घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. रोजची ठरलेली फेरी असेल तर डिझेलपेक्षा ती स्वस्त पडते. पण ग्रामपंचायतीने घंटागाडीचे कोटेशन मागवताना पूर्ण भारासह, गावच्याच रस्त्यावर चाचणी मागावी आणि बॅटरीची हमी किती वर्षांची, ते लेखी घ्यावे. शेतकऱ्यानेही भरलेली गाडी आपल्या गावापासून बाजारापर्यंत नेऊन परत आणून बघावी. विक्रेता त्याला तयार होत नसेल, तर बयाणा देऊ नये.