कपाटाची किल्ली कुणाकडे?



दम्याच्या पंपावर लिहितोय. निळा, खिशात मावणारा. कुणी म्हणेल, हा काय चळवळीचा विषय झाला? वाचा, मग शिव्या घाला.

गोवंडीत सातवीत होतो. शेजारच्या बाकावरच्या पोराची छाती भरली. आतून शिट्टी वाजायला लागली, ओठ काळेनिळे. मास्तरांनी खिडकी उघडली. खिडकीतून आला डंपिंगचा धूर! पंप होता त्याच्याकडे, पण घरी. आईनंच सांगितलेलं, शाळेत नेऊ नको, पोरं 'दमेकरी' म्हणून चिडवतील. शिपाई घरी पळाला. पोरगं वाचलं, नशिबानं. आपण नशीब मानत नाही, म्हणून हा लेख.

देवनारला मुंबईचा कचरा पडायला लागला १९२७ साली. त्याच साली, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ बुडवली. तिकडे आपण पाण्याला हात लावला, इकडे आपल्या हवेची सोय लागली. कट म्हणत नाही मी, योगायोगच. पण त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहतं, त्यातलं भंगार कोण वेचतं, हा योगायोग नाही. २०१६ च्या जानेवारीअखेर डोंगर पेटला, धूर शहरभर गेला, आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा कुठे पेपरवाल्यांना खोकला आला.

दम्याच्या झटक्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतून सूज येते, चिकट कफ साचतो. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. एका पंपात साधारण २०० फवारे. सरकारच्याच आवश्यक औषधांच्या यादीत त्याचं नाव आहे. यादीत आहे, शाळेत नाही.

इंग्लंडातही शाळेला हा पंप चिठ्ठीशिवाय विकत घेता येत नव्हता. १ ऑक्टोबर २०१४ पासून कायदा बदलला. आता तिथली शाळा तातडीसाठी पंप ठेवू शकते. दमा असलेल्या पोरालाच द्यायचा, आईबापांची लेखी संमती आधीच घेतलेली. आपल्याकडे कागदावर चिठ्ठीचा नियम कडक. आग विझवायला भिंतीवर लाल नळकांडं टांगताना कुणी डॉक्टरची चिठ्ठी मागितली होती का?

आता खरी गोम. पंप तोंडाला लावायचा असतो. एकाच्या तोंडचा दुसऱ्याला कसा, हा प्रश्न येणारच. आणि तो नुसत्या स्वच्छतेचा असेल असं मानण्याइतके आपण भोळे नाही. शाळेतल्या माठावरचं भांडं आठवा. तर त्याचंही उत्तर आहे. मध्ये स्पेसर लावायचा, प्रत्येकाला वेगळा. तोही महाग म्हणाल तर १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलंय, की अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली नीट बसवली तर पोरांना विकतच्या स्पेसरइतकीच कामाला येते. बाटल्या तर आमच्या वस्तीत ढिगानं आहेत, च्यायला!

एक आपल्याच माणसांना. निळा पंप म्हणजे उपचार नव्हे, फक्त सुटका. रोजचा, सूज उतरवणारा पंप वेगळा, डॉक्टरनं दिला तर तो चुकवायचा नाही. 'पंपाची सवय लागते' हे खूळ डोक्यातून काढा. त्या खुळापायीच आया पंप फडताळात दडवतात. आणि फवाऱ्यांनी उतार पडत नसेल तर वाट बघत बसू नका, १०८ लावा. गल्लीत गाडी शिरत नसेल तर पोराला उचलून नाक्यावर न्या.

शाळेपासून सुरुवात करू. मग स्टेशन, बस डेपो, आणि सफाई कामगारांच्या हजेरीच्या चौक्या. धूळ सगळ्यात आधी त्यांच्याच छातीत जाते.

सोमवारी शाळा भरायच्या आधी आम्ही सातआठ जण मुख्याध्यापकांकडे जातोय. पालकांच्या सह्यांचा कागद तयार आहे. पंप ठेवणार का, कुठल्या कपाटात, आणि ते कपाट मधल्या सुट्टीत उघडं असतं का, एवढं विचारायचंय. ज्यांना यायचंय त्यांनी साडेसहाला गेटवर भेटा.