परसातली आठ फुटी डिश

जाळीची मोठी डिश बसवायची तर पहिला मान खांबाचा. तो ओळंब्यात नसेल तर पुढची मेहनत फुकट. काँक्रीट ओतल्यावर चार दिवस तरी त्याला हात लावू नये.

पाकळ्या जमिनीवरच जोडाव्यात, नटबोल्ट शेवटी आवळावेत. मग काठापासून काठापर्यंत दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणाव्यात. मधोमध त्या जेमतेम टेकल्या तर डिश सरळ. फट राहिली तर पिळलेली. वरची दोरी खाली घेऊनही तपासावे. एवढे कुणी करत नाही, आणि मग दोष उपग्रहाला!

९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी बेळगावातून तोंड आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर. आड नारळाची झावळीसुद्धा नको.

केबलवाल्याने सह्याद्री बंद केली म्हणून २००९ साली आम्ही हा घाट घातला. हे खांबाशी, मी खिडकीत, सासूबाई टीव्हीपुढे. डिश बोटभर सरकली की चित्र गायब! अखेर सासूबाई आतून ओरडल्या, "बंतु, बंतु!" त्यांची चंदना लागली होती. पाठोपाठ सह्याद्रीही मिळाली. दुसऱ्या दिवसापासून सातच्या मराठी बातम्यांना माझी आई त्यांच्या शेजारी येऊन बसू लागली.