रंगाची किंमत

नव्या टी-शर्टचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला, की घरोघरी दुकानदाराच्या नावाने बोटे मोडली जातात. रंग पक्का निघाला तर सारे खूश! पण तो पक्का करण्यासाठी कोणी काय मोजले, याचा विचार सहसा होत नाही.

तमिळनाडूतील तिरुप्पूर हे होजिअरीचे माहेरघर. येथील बनियन आणि टी-शर्ट देशभर विकले जातात, परदेशीही जातात. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालावे लागते. तेही चिमूटभर नव्हे, गडद रंगासाठी दर लिटरमागे ५० ग्रॅमहूनही अधिक. कापड रंगून बाहेर येते, मीठ मात्र पाण्यातच राहते. साध्या शुद्धीकरणाने पाण्याचा रंग फिका होतो, पण विरघळलेले मीठ जात नाही.

हे खारे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत सोडले गेले. पश्चिम घाटात उगम पावून कावेरीला मिळणाऱ्या या नदीवर ओरत्तुपालयम येथे शेतीसाठी धरण बांधले गेले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्ण झाले, पण त्यात साठू लागले ते सांडपाणीच. विहिरी खारावल्या, जमिनी नापीक झाल्या. धरणात पाणी साठवू नका, असे म्हणण्याची वेळ खुद्द शेतकऱ्यांवर आली!

शेतकरी न्यायालयात गेले. कारखान्यांनी सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तरीही प्रदूषण थांबेना, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये सर्व रंगकारखाने बंद करण्याचा हुकूम निघाला. हजारो कामगारांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. काही काम तर देखरेख ढिली असलेल्या इतर गावांत गेले. म्हणजे एक नदी सुटली, दुसरी सापडली!

मार्ग निघाला तो यंत्रसामग्रीतून. आधी जिवाणूंच्या साहाय्याने पाण्यातील घाण काढायची, मग घरच्या शुद्धीकरण यंत्राप्रमाणेच सूक्ष्म पडद्यातून पाणी गाळायचे आणि उरलेले दाट खारे पाणी आटवून मीठ परत मिळवायचे. पाणी आणि मीठ दोन्ही पुन्हा रंगकामाला येतात. पण आटवायला इंधन लागते, शेवटी निरुपयोगी मिश्र क्षार उरतात आणि खर्च वाढतो. हा खर्च नवा नाही. पूर्वी तो नदीकाठचा शेतकरी सोसत होता, एवढाच फरक.

म्हणूनच फार स्वस्त कपडा हाती आला, की उरलेले पैसे कोणाच्या खिशातून गेले, हा प्रश्न मनात यायला हवा. नियम सर्व गावांना सारखे लागू करणे हे सरकारचे काम. घरातही थोडे करता येते. फिकट रंगाला मीठ कमी लागते. एक टी-शर्ट दुप्पट दिवस वापरला, तर दुसरा रंगवावाच लागत नाही. थोरल्याचे कपडे धाकट्याला घालण्याची आणि जुन्याचे पायपुसणे करण्याची आपली रीत काटकसरीची खरीच, पण तिने नदीचे पाणीही वाचते.