फुगलेला डबा, कोरा चेहरा

ट्यूना, बांगडा किंवा तारलीचा डबा दोन्ही बाजूंनी फुगलेला असेल, तर विकणाऱ्याला काही कळले नाही हे मी मानणार नाही. आत जंतूंनी वायू केल्याशिवाय पत्रा सहसा असा फुगत नाही. बोटुलिझमचा जंतू तर हवा नसलेल्या डब्यातच वाढतो, आणि त्याचे विष श्वास बंद पाडते. असा डबा पुसून ‘जोडीवर सूट’ म्हणत खपवणाऱ्यावर खटला झालाच पाहिजे. तो गरीब आहे, आपल्या मोहल्ल्यातला आहे, ही सबब नको. घेणाराही गरीबच असतो.

कायदा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ नुसार मुदत संपलेला माल विकणारा जबाबदार ठरतो. माल कोणाकडून घेतला हे न सांगू शकणाराही. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला, तर कलम ५९ खाली किमान सात वर्षे कैद. कोणाला इजा झाली नसेल, तर मात्र २०२३ च्या दुरुस्तीने कमाल कैद सहा महिन्यांवरून तीन महिने केली आणि दंड एक लाखावरून तीन लाख. मला हा सौदा पटलेला नाही. दंड मोठ्याला परवडतो.

आता दुसरी बाजू. पकडलेला मासा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते. कारखान्यातल्या १२१ अंशांच्या उष्णतेनेही ते जात नाही. डबा चकचकीत, तारीख ठीक. दुकानदार ओळखणार कसा? पुरेशी खबरदारी घेतल्याचा बचाव कायदा त्याला देतो, पण हातात बिल लागते. आमचे छोटे दुकानदार बिलाशिवाय माल उचलतात, मग चौकशी त्यांच्यापाशीच अडते आणि कारखानदार, आयातदार नामानिराळे राहतात. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने बिलाचा माग काढत वर जायला हवे.

आपणही कमी नाही. डब्यावर हलालची खूण शोधतो (माशाला जबह लागतच नाही!), तारीख वाचत नाही. कलम ४० नुसार ग्राहक स्वतः फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो. खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. दोष निघाला तर फी परत मिळते. खटल्याची मुदत साधारण एक वर्षाची, त्यामुळे तक्रार लगेच करावी. फुगलेला डबा उघडू नका, फेकूही नका. पिशवीत गुंडाळून बिलासह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात न्या.