सुकाणूवरचा हात कुणाचा?

जुन्या पेट्रोलच्या मोटारी चालविण्यात जो आनंद होता, तो विजेच्या मोटारीत उरलेला नाही, अशी हळहळ अलीकडे वारंवार ऐकू येते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट 2020 साली सुरू झाली आणि मुंबईकरांच्या मोटारी थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागल्या. त्यामुळे रेवसच्या रस्त्यावरही ही हळहळ आता पोहोचली आहे. ती केवळ श्रीमंतांची लहर म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण ते योग्य ठरणार नाही.

या आनंदाचे मर्म वेगात नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, आरंभी फियाट व पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी काही वेगवान नव्हती. तिचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर असे. क्लच किती सोडायचा, चढावर कोणत्या क्षणी गिअर उतरवायचा, थंड इंजिनाला चोक किती द्यायचा, हे हाताला व कानाला शिकावे लागे. बिघाड झाला तर बॉनेट उघडून दोष डोळ्यांना दिसे आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री तो पान्याने दुरुस्त करी. यंत्र माणसाला समजत होते, माणसाच्या कौशल्यावाचून ते चालत नव्हते. कारागिराला आपल्या हत्याराबद्दल वाटणारा अभिमान तो हाच. श्रमाला प्रतिष्ठा मागणाऱ्या चळवळीने तरी त्याची टवाळी करू नये.

परंतु हा अभिमान मालकाच्या रविवारच्या सहलीपुरता राहतो, तेव्हा त्याचे चित्र अपुरे असते. तीच पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा शहराने गहिवरून निरोप दिला. मात्र दिवसाचे दहा-बारा तास गर्दीत क्लच दाबणाऱ्या पायाला, इंजिनाची धग व धूर सोसणाऱ्या शरीराला त्या गिअरमध्ये काव्य दिसले असेल काय? एकच क्रिया हौशीने केली तर क्रीडा होते, पोटासाठी अखंड करावी लागली तर कष्ट होतात. रेवस-अलिबाग भागात प्रवासी वाहणाऱ्या मिनिडोर चालकाला हे सांगावे लागत नाही.

विजेच्या गाडीला क्लच नाही, गिअर बदलणे नाही. मोटार स्थिर अवस्थेपासूनच पूर्ण जोर देते. पेट्रोल इंजिन इंधनातील शक्तीचा सुमारे चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचविते, विजेची मोटार हाती आलेल्या शक्तीचा बहुतांश भाग उपयोगात आणते. आपली बरीचशी वीज अद्याप कोळशाची आहे, हे खरे. तरीही चालकाच्या नाकातोंडात जाणारा धूर टळतो, हा लाभ लहान नव्हे.

याच रायगड जिल्ह्यातील माथेरानचे उदाहरण बोलके आहे. तेथे माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे टिकली. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या लढ्यानंतर डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन त्या रिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात, निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. ज्याच्या खांद्यावरचे जू उतरते, त्याच्यासाठी विजेच्या वाहनातील आनंद वादातीत आहे.

मात्र वीज आली म्हणजे मुक्ती आली, असेही नाही. मुंबईच्या बेस्टमध्ये भाडेतत्त्वावर विजेच्या बसगाड्या आल्या आणि त्यांच्या सुकाणूवर कंत्राटदाराचा चालक बसला. गाडी नवी झाली, नोकरी मात्र कच्ची झाली. शिवाय विजेच्या गाडीचा आत्मा बॅटरीत व बंदिस्त संगणकप्रणालीत असतो. ती उघडण्याची किल्ली कंपनीने स्वतःकडे ठेवली, तर गावचा मिस्त्री बेकार होईल आणि चालक प्रत्येक बिघाडासाठी कंपनीच्या दारात उभा राहील. जुन्या मोटारीच्या चाहत्यांना जी रुखरुख लागते, तिचा खरा अर्थ येथे आहे. गिअरचा दांडा गेल्याचे दुःख फारसे मोठे नाही, यंत्रावरील माणसाचा अधिकार जाण्याचे भय मात्र सार्थ आहे.

म्हणून पेट्रोल की वीज, या वादात कार्यकर्त्यांनी अडकून पडू नये. मिनिडोर चालकाला विजेचे वाहन स्वतःच्या मालकीने, सहकारी पतपुरवठ्यातून मिळावे, दुरुस्तीची माहिती व सुटे भाग खुले असावेत, तालुक्यातील मिस्त्रींना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नवे शिक्षण मिळावे, एस.टी.च्या विजेच्या गाड्यांवर कायम सेवेतील चालक असावा, या मागण्या गावोगाव मांडल्या पाहिजेत. रेवसच्या धक्क्यावरील तांडेलाला एक गोष्ट ठाऊक असते: होडी शिडाची असो वा इंजिनाची, सुकाणू परक्या हाती गेले की आपली दिशाही जाते.