शकुंतलेचे ऋण

सण आला म्हणून आजार थांबत नाही. दिवाळीच्या सुटीत शाळा-कचेऱ्यांना कुलपे लागतात. परंतु वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाचे दार तेव्हाही उघडेच असते. आर्वी-पुलगावकडून, यवतमाळच्या खेड्यापाड्यांतून या दारापर्यंत येणाऱ्या गरीब माणसाला उपचाराच्या आधी प्रवासाची चिंता पडते. रुग्णाबरोबर एक-दोन माणसे यावी लागतात, त्यांची मजुरी बुडते, परतीच्या भाड्याची तजवीज गावाहून निघतानाच करावी लागते. ऐपतीबाहेरचा हा खर्च टाळण्यासाठी दुखणे अंगावर काढले जाते, आणि पुढे तेच दुखणे हाताबाहेर जाते. याच आर्वी-पुलगावच्या आणि यवतमाळ-मुर्तिजापूरच्या वाटांवर एके काळी गरिबांची गाडी म्हणून ओळखली जाणारी छोटी रेल्वे धावत होती. शकुंतला हे लोकांनी तिला दिलेले नाव. ती आज बंद आहे. तिच्या स्मृतीचे काय करावे, हा प्रश्न वरवर हौशी लोकांचा वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नाही.

शकुंतलेचा जन्म परोपकारासाठी झालेला नव्हता. मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीच्या पुढाकाराने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत अडीच फूट रुंदीचे हे रूळ पडले. मुर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर, मुर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७६ किलोमीटर आणि वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी सुमारे ३५ किलोमीटर, असा हा पसारा होता. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणावा, तेथून मुंबई बंदर गाठावे आणि पुढे लँकेशायरच्या गिरण्यांची भूक भागवावी, हा त्यामागचा रोकडा हिशेब. या मार्गावर सात दशके राबलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच तयार झाले होते. कापूस ज्या दिशेला गेला, त्याच दिशेने इंजिन आले! १९२३ पासून ते येथे धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण १९५१ साली झाले, तरी या रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि सरकारी रेल्वे त्यांवर करार करून गाड्या चालवीत राहिली. इतिहासाचा असा विनोद क्वचितच पाहावयास मिळतो.

परंतु व्यापाऱ्याने घातलेल्या रुळांवर लोकांनी आपले जीवन उभे केले. बाजाराला जाणारा शेतकरी, तालुक्याच्या गावी शिकणारा विद्यार्थी, माहेरवाशीण, दवाखान्याला निघालेला म्हातारा, अशा सर्वांना परवडणारे हे एकच वाहन होते. कापूस नेण्यासाठी आलेली गाडी माणसांची झाली, यातच तिचे खरे मोठेपण आहे.

जगात अन्यत्र अशा जुन्या वाहनांचे काय होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहराला १९५८ साली रेल्वे कंपन्यांनी वाफेची इंजिने भेट दिली. ती बागेत मांडून ठेवण्यात आली. पुढे १९४१ साली बांधलेले ४४४९ क्रमांकाचे इंजिन बागेतून बाहेर काढून दुरुस्त करण्यात आले आणि त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त १९७५-७६ मध्ये निघालेली गाडी त्याने ओढली. त्याच्या जोडीचे १९३८ सालचे ७०० क्रमांकाचे इंजिनही नागरिकांनी विनावेतन श्रम करून चालते केले. २००५ पासून नाताळच्या सुमारास ही इंजिने सुटीची खास गाडी ओढू लागली. तिकिटांचा पैसा इंजिनांच्या निगराणीला मिळू लागला आणि २०१२ साली त्यांच्यासाठी कायमचे घरही उभे राहिले. याच देशाच्या कोळसा-खाणींच्या डोंगराळ मुलखात १९४३ साली सुरू झालेली नाताळची गाडी वाटेवरच्या गरीब वस्त्यांत भेटवस्तू वाटते. कॅनडात १९९९ साली सुरू झालेली सुटीची गाडी गावोगावी थांबून गरजूंसाठी धान्य आणि निधी गोळा करते. पहिल्या उदाहरणात जुने यंत्र जगविण्याची युक्ती आहे, उरलेल्या दोहोंत गाडीला परोपकाराचे साधन बनविण्याची. या दोन्ही गोष्टींची सांगड घालण्याची संधी विदर्भाला आहे.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे १८५५ साली बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन भारतीय रेल्वेच्या कारागिरांनी १९९७ साली पुन्हा धावते केले आणि नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. हरियानातील रेवाडी येथे वाफेच्या इंजिनांसाठी खास कार्यशाळा आहे. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय २००२ पासून उभे आहे. रेल्वेतून परोपकार कसा साधतो, याचा धडाही याच भूमीने जगाला दिला आहे. १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून निघालेल्या ‘जीवनरेखा एक्स्प्रेस’ या रुग्णालय-गाडीने खेड्यांपाशी थांबून मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओमुळे आलेले अपंगत्व यांवर विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या. हे काम सेवाभावी संस्था आणि रेल्वे यांच्या सहकार्यातून झाले.

तेव्हा पुलगाव-आर्वी मार्गाचा एखादा लहानसा तुकडा जपून ठेवावा, त्यावर नॅरोगेजचे एक जुने इंजिन सज्ज करावे आणि दरवर्षी दिवाळीच्या आठवड्यात त्याने गाडी ओढावी. ज्याला हौस आहे आणि ऐपतही आहे, त्याने तिकिटाला चार पैसे अधिक मोजावेत. इंजिनाच्या निगराणीचा खर्च वजा जाता जे उरेल, ते सावंगी आणि सेवाग्राम येथील रुग्णालयांत येणाऱ्या गरीब रुग्णांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या प्रवासासाठी व निवाऱ्यासाठी राखून ठेवावे. त्याचा हिशेब दरवर्षी स्थानकावरच्या फलकावर लावावा. कारण उघड्या हिशेबावाचून सार्वजनिक दान टिकत नाही.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतील काही रास्त आहेत. जेथे रोजची गाडी नाही, तेथे वर्षातून एकदा हौसेची गाडी कशाला, असा प्रश्न आर्वीच्या माणसाने विचारला तर त्याला उत्तर दिले पाहिजे. यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर मार्ग ब्रॉडगेज करण्याचा निर्णय २०१६ मध्ये जाहीर झाला. लोक अजून गाडीची वाट पाहत आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर वर्धा ते कळंब गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हा त्या पट्ट्यातील लोकांना झालेला आनंद स्वाभाविक होता. रोजची, स्वस्त, वेळेवर येणारी गाडी हा नागरिकाचा हक्क आहे. हक्काची जागा दानाने भरून काढता येत नाही, आणि कोणी तसे करू पाहील तर ते लबाडीचे ठरेल. म्हणून रुंदीकरणाच्या आड हा जपलेला तुकडा येता कामा नये. जेथे नव्या रुळांना जागा हवी, तेथे जुन्यांनी बाजूला सरावे. पण सगळेच रूळ भंगारात घालण्याचीही गरज नाही.

वर्ध्याच्या मातीत हा विचार परका नाही. ‘हिंद स्वराज्य’ मध्ये १९०९ साली रेल्वेवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी आयुष्यभर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून देश पाहिला आणि त्या डब्यांतील हालांविषयी १९१७ मध्ये जाहीर लेखन केले. यंत्र कोणाच्या उपयोगी पडते, ही त्यांची कसोटी होती. धाम नदीकाठच्या पवनारहून निघालेल्या विनोबांनी दान म्हणजे उपकार नव्हे, तर समाजात सम्यक् वाटणी, हे देशभर पायी हिंडून सांगितले. वऱ्हाडच्या कापसावर जे यंत्र पोसले गेले, त्याने वऱ्हाडच्या आजारी माणसासाठी वर्षातून एकदा राबावे, ही त्या अर्थाने वाटणीच आहे.

येथे दिरंगाई परवडणारी नाही, याचे कारण केवळ गंजणारे लोखंड नाही. वाफेचे इंजिन बटण दाबून चालत नाही. गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते, बॉयलरच्या नळ्या निरखाव्या लागतात, ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली त्याची परीक्षा घ्यावी लागते; काचेतील पाण्याच्या पातळीवरून क्षणभरही नजर हटून चालत नाही. ही विद्या पुस्तकांपेक्षा हातांत अधिक असते. चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ साली बाहेर पडले आणि ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली. तेव्हा जे फायरमन आणि फिटर भर तारुण्यात होते, ते आज वार्धक्यात आहेत. तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली शिकण्याची संधी फार वर्षे उरणार नाही.

कालिदासाच्या शकुंतलेला राजाने ओळखले नाही, कारण खुणेची अंगठी हरवली होती. वऱ्हाडच्या शकुंतलेची खूण अजून पुरती हरवलेली नाही. ती उरलेल्या रुळांत आहे आणि काही वृद्ध कारागिरांच्या हातांत आहे. ती मातीत मिसळण्यापूर्वी रेल्वे प्रशासनाने, लोकप्रतिनिधींनी आणि सेवाभावी संस्थांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा. चौथऱ्यावर चढविलेले इंजिन पाहून मुले टाळ्या पिटतील. धावणारे इंजिन एखाद्या मजुराच्या परतीच्या तिकिटाची सोय करील.