गोल अडवणारीचं मोल

मंडळी, आपल्या कबड्डीचा हिशेब मोठा न्यायाचा आहे. चढाईत गडी बाद केला की गुण मिळतो आणि आलेल्या चढाईपटूची पकड केली तरी गुण मिळतो. फुटबॉलचं तसं नाही. गोल मारणारीचं नाव फलकावर झळकतं, पण गोल होऊ न देणारीच्या नावापुढे काहीच लागत नाही. नव्वद मिनिटं तिने चोख काम केलं तर फलकावर दिसतं ते समोरच्या संघाचं शून्य. एकदा चुकली, तर तेवढीच चूक टीव्हीवर दहा वेळा दिसते.

म्हणूनच जानेवारी २०२५ मधली एक बातमी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लंडनच्या चेल्सी क्लबने नाओमी गिर्मा या २४ वर्षांच्या अमेरिकन बचावपटूला घेण्यासाठी सुमारे ११ लाख डॉलर मोजले. तेव्हाच्या दराने हे साडेनऊ कोटी रुपयांच्या आसपास होतात. महिला फुटबॉलमध्ये एका खेळाडूसाठी दहा लाख डॉलरचा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला गेला, आणि ही खेळाडू गोल अडवणारी होती!

घरातल्या लहान मंडळींसाठी एक खुलासा. ही रक्कम खेळाडूच्या हातात पडत नाही. करार संपायच्या आत खेळाडू दुसरीकडे जायला निघाली, तर नवा क्लब जुन्या क्लबला ही किंमत देतो. पगार वेगळा ठरतो. पण एखाद्या कामाला बाजार किती वजन देतो, हे या आकड्यावरून बरोबर कळतं.

नाओमीचा जन्म १४ जून २००० चा, कॅलिफोर्नियातल्या सान होजे शहरातला. आईवडील दोघेही इथिओपियातून अमेरिकेत आलेले. ‘गिर्मा’ हे तिचं आडनाव नाही बरं का! इथिओपियात मुलांच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं. आपण ते मधे लावतो, ते शेवटी लावतात. परदेशात विखुरलेली कुटुंबं एकत्र यावीत, मुलांची ओळख टिकावी, म्हणून तिथल्या इथिओपियन पालकांनी सुट्टीच्या दिवशी मुलांचं फुटबॉल सुरू केलं होतं. त्यात नाओमीचे वडीलही पुढे होते. त्याचं नाव ‘मलेदा’. अम्हारिक भाषेत मलेदा म्हणजे पहाट. महाराष्ट्राबाहेर राहून मंडळाच्या गणपतीत मुलांना नाटुकलीत उभं करणाऱ्या आपल्या वाचकांना यातली धडपड वेगळी सांगायला नको. नाओमीच्या पायाला चेंडू पहिल्यांदा लागला तो तिथे.

पुढे ती स्टॅनफर्ड विद्यापीठात गेली. भाषा, तर्क, संगणक आणि मानवी मन यांचा एकत्र अभ्यास असलेला विषय तिने घेतला. २०१९ मध्ये स्टॅनफर्डने राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा जिंकली. अंतिम सामना तिच्याच गावी, सान होजेला झाला. गोल एकही झाला नाही, निकाल पेनल्टींवर लागला. त्या पेनल्टींमध्ये दोन फटके अडवून स्टॅनफर्डला जिंकून देणारी गोलरक्षक होती केटी मायर, नाओमीची जिवलग मैत्रीण. शिकत असतानाच नाओमीच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तिला बराच काळ मैदानाबाहेर राहावं लागलं. त्यातून ती परतली. स्टॅनफर्डच्या संघाची ती कर्णधारही होती.

२०२२ च्या व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंची निवड झाली, तेव्हा पहिलं नाव पुकारलं गेलं ते नाओमीचं. सॅन डिएगो वेव्ह या नव्याकोऱ्या संघाने तिला घेतलं. सगळं कसं मनासारखं चाललेलं. आणि १ मार्च २०२२ ला केटी गेली. तिने स्वतःचं आयुष्य संपवलं होतं.

मैदानावरचा धोका इतरांच्या आधी ओळखणं हे नाओमीचं काम. पण हसतमुख, सगळ्यांना हसवणाऱ्या मैत्रिणीच्या मनात काय चाललंय, ते जवळच्या कुणालाच दिसलं नव्हतं. त्या दुःखासकट नाओमी खेळत राहिली. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून तिचा पहिला सामना झाला. वर्षाअखेरीस लीगची सर्वोत्तम नवोदित खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू, असे दोन्ही मान तिला मिळाले.

२०२३ च्या विश्वचषकाआधी तिने केटीची आठवण जाहीरपणे लिहिली, ती स्पर्धा तिला अर्पण केली आणि ‘कॉमन गोल’ या संस्थेबरोबर मानसिक आरोग्याचा एक उपक्रम सुरू केला. तरुण खेळाडूंना मन मोकळं करता यावं आणि प्रशिक्षकांना ते ऐकता यावं, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत सामने दाखवणाऱ्या वाहिनीनेही आपल्या प्रक्षेपणातला एक टक्का वेळ या विषयाला दिला.

त्या विश्वचषकात अमेरिका लवकर बाहेर पडली. गंमत पाहा, चार सामन्यांत त्यांच्यावर गोल झाला तो एकच. स्वीडनशी शून्य-शून्य बरोबरी झाली आणि पेनल्टींवर संघ हरला. बचाव करणारीच्या नशिबी हेही असतं! पण जाणकारांची नजर तिच्यावर होती. त्या वर्षीचा अमेरिकेच्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान तिला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली बचावपटू.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने सुवर्णपदक जिंकलं. सहा सामने, त्यातले दोन जादा वेळेत गेलेले, आणि अंगावर गोल फक्त दोन. नाओमी प्रत्येक मिनिट मैदानावर होती. प्रशिक्षक एमा हेझ यांनी उपांत्य सामन्यानंतर सांगून टाकलं, की आपण पाहिलेली ही सर्वांत चांगली बचावपटू आहे.

ती करते तरी काय? धावत येऊन समोरचीच्या पायात घसरणं, धडका देणं, असलं तिच्या खेळात फारसं दिसत नाही. ती मान वळवून सतत मागेपुढे बघत असते. चेंडू कुठे जाणार हे ओळखून दोन पावलं आधीच तिथे जाऊन उभी राहते. मग समोरची आघाडीची खेळाडू आपणहून दुसरा रस्ता धरते. म्हणजे झालेलं काम कॅमेऱ्यात येतच नाही. चेंडू मिळाला की उगाच लांब भिरकावत नाही, शांतपणे पुढच्या सहकारी खेळाडूच्या पायात देते. तिथूनच संघाची चढाई सुरू होते.

चेल्सीत सुरुवात मात्र सोपी गेली नाही. पोटरीच्या दुखापतीमुळे पहिल्या काही महिन्यांत बरेच सामने बाहेर बसावं लागलं. किंमत मोठी म्हणून शरीर काही सवलत देत नाही. तिचा विक्रमही सहा महिन्यांत मोडला. जुलै २०२५ मध्ये आर्सेनलने ऑलिव्हिया स्मिथ या आघाडीच्या खेळाडूसाठी दहा लाख पौंड मोजले. पुरुषांच्या ब्रिटिश फुटबॉलने दहा लाख पौंडांचा टप्पा १९७९ मध्येच गाठला होता, ट्रेव्हर फ्रान्सिसच्या वेळी. तिथवर पोचायला बायकांना आणखी ४६ वर्षं लागली. पण या वाटेवरचा दहा लाख डॉलरचा टप्पा आधी गाठला एका बचावपटूने, ही नोंद आता कुणी पुसू शकत नाही.

तर मंडळी, या आठवड्यात घरच्यांनी मिळून एक प्रयोग करा. फोनवर असो की शेजारच्या मैदानात, फुटबॉलचा एखादा सामना बघताना दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. एका बचावपटूवर नजर ठेवा. ती कुठे उभी राहते, कुणाला हाक मारते, कधी मागे सरकते ते बघा. सामना संपल्यावर तिने काय काय होऊ दिलं नाही, याची यादी मुलांना करायला सांगा. घरातलं कुणी असं सगळं सांभाळत असेल, तर त्या यादीत तेही नाव आलं तर बरंच.

आणि एक आठवण. आपल्यापैकी कुणाचं, किंवा जवळच्या कुणाचं मन फार खचलं असेल, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे १४४१६. चोवीस तास सुरू असते, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.